हाराआधीचा फोटो

आपण गेल्यावर भिंतीवर कसे दिसणार, हा प्रश्न मागे राहणाऱ्यांवर सोडायचा नाही, असे आनंदीबाईंनी जावेच्या तेराव्याला पानावर बसल्या बसल्या ठरवले. जाऊ म्हणजे वसुंधराबाई. त्यांच्या मुलांकडे आईचा धड एक फोटो नव्हता, म्हणून पेन्शनच्या कार्डावरचा नखाएवढा फोटो मोठा करून फ्रेम केला होता. फोटोबरोबर त्यावरचा शिक्काही मोठा झाला. आयुष्यभर टिकली सरळ लावणाऱ्या वसुंधराबाई आता गालावर अर्धा जांभळा गोल घेऊन पाहुण्यांकडे बघत होत्या.

पुढच्या रविवारी पोह्यांवर शेव घालून घेत आनंदीबाई मुलाला म्हणाल्या, "अच्युत, माझा भिंतीचा फोटो काढून ठेव."

"आई, सकाळी सकाळी काय हे," अच्युतराव म्हणाले.

"मग काय संध्याकाळी सांगू? आणि दात जायच्या आत काढ."

आनंदीबाईंच्या तोंडात वरचे समोरचे दोनच दात उरले होते. दोन्ही स्वतःचे आणि दोन्ही हलणारे. डॉक्टर कस्तुरींनी ते काढून कवळी बसवायची तारीख दिली होती. कवळीला आनंदीबाईंची हरकत नव्हती, पण कवळी घालून भिंतीवर जायला होती. कवळी लावलेल्या सगळ्या बायका एकाच कारखान्यातून आल्यासारख्या हसतात, असे त्यांचे निरीक्षण होते. आपल्या दोन दातांनिशी हसलेला एक फोटो त्यांना हवा होता, इतकेच.

नात श्रिया भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली. तिने तिथल्या तिथे मोबाईल उचलला आणि फोटो काढला. मोबाईलने आपल्या अकलेने आजीच्या सुरकुत्या पुसल्या आणि गाल गुलाबी केले. आनंदीबाईंनी फोटो लांब धरून पाहिला. "मला नवरी केलीस," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजोबांना तरी ओळखू येऊ दे."

इथे अच्युतरावांना अवसर सापडला. मोबाईलवर फोटो काढणाऱ्या मानवजातीबद्दल त्यांचे मत फार वाईट होते. कॉलेजात असताना त्यांच्याकडे रीळवाला कॅमेरा होता आणि राजवाड्याच्या एका फोटोला मंडळाच्या प्रदर्शनात उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले होते. विमा कंपनीतल्या तीस वर्षांच्या नोकरीने तो कलावंत दबून गेला होता, असे ते स्वतः सांगत. दुसरे कोणी सांगत नसे.

"फोटो मी काढीन," ते म्हणाले. "पण कॅमेऱ्यानं."

जेलरोडवरच्या दुकानात विक्रेत्याने कॅमेरा पुढे ठेवला आणि म्हणाला, "भिया, इसमें सब ऑटो है. आप तो बस बटन दबाओ." अच्युतरावांना हा अपमान वाटला. बटन दाबणे आणि छायाचित्रण यांतला फरक त्यांनी त्याला हिंदीत समजावून सांगितला, मागे चार गिऱ्हाइके उभी असताना.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी अच्युतराव सोडून घरात सर्वांना ठाऊक होती. त्यांना जवळचे दिसत नव्हते. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा फोन नंबर ते गॅलरीतून वाचत, पण हातातल्या गोळीच्या पाकिटावरचे नाव त्यांना मुंग्यांची रांग वाटे. माणसाच्या डोळ्यातले भिंग चाळिशीनंतर ताठर होत जाते. स्वभाव त्याच्या बराच आधी झालेला असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की माणूस चष्मा लावण्याऐवजी सिद्धांत मांडतो. अच्युतरावांचा सिद्धांत असा होता की छपाईचा दर्जा घसरला आहे. "कंपन्या शाई वाचवून राहिल्या आहेत," ते म्हणत. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते आणि ऐंशीव्या वर्षी बिनचष्म्याने मोडी वाचत, अशी घरातली कथा होती. घराण्यात चष्मा नाही म्हणजे नाही.

"वाचायचे कुठले," आनंदीबाई म्हणत. "पाठ होतं त्यांना. माझ्या सासूबाई सांगायच्या, कागद उलटा दिला तरी घडाघडा वाचायचे."

अशा माणसाच्या हाती असा कॅमेरा आला, ज्याची सगळी बुद्धी पाठीमागच्या चार बोटे रुंद पडद्यावर, तिळाएवढ्या अक्षरांत मांडलेली होती. तो पडदाही नेमका त्या अंतरावर येई, जिथे अच्युतरावांच्या डोळ्यांनी काम सोडून दिलेले होते. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याने काही प्रश्न विचारले. अच्युतरावांनी सगळ्यांना करारी मुद्रेने होकार दिला. दोन दिवसांनी श्रियाला कळले की कॅमेरा तुर्की भाषेत बोलतो आहे.

"बाबा, तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं टेक्निकल शब्द आहेत."

तिने तो हिंदीत आणून दिला. अच्युतरावांच्या दृष्टीने काहीच बदलले नाही.

पहिली बैठक शनिवारी झाली. आनंदीबाई डाळिंबी महेश्वरी नेसून दिवाणखान्यात भिंतीला पाठ करून बसल्या. अच्युतरावांनी एक फोटो काढला, पडद्यावर पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. सगळे धूसर होते. पुन्हा काढला. पुन्हा धूसर. कॅमेरा आपोआप फोकस करतो हा दावा खोटा निघाल्याचा त्यांना मनातून आनंदच झाला. त्यांनी ऑटो बंद केले आणि भिंगाची कडी हाताने फिरवायला घेतली. पडद्यावर आईचा चेहरा स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायची, एवढे सोपे काम होते. फक्त पडद्यावर काहीही दाखवले तरी ते अच्युतरावांना स्वच्छ दिसणारच नव्हते. कडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, शेवटी त्यातल्या त्यात बऱ्या वाटणाऱ्या जागी थांबली.

"काय करून राहिला आहेस?" आनंदीबाई हसरा चेहरा न हलवता विचारत. "माझं तोंड दुखायला लागलं."

"आई, कला आहे ही."

"हो का. मग जेवण झाल्यावर कर."

वरच्या बाजूला एक छोटी खिडकी होती, डोळा लावून बघायची. अच्युतरावांनी तिच्यातून एकदा पाहिले. तिथे तर धुकेच होते. ते छिद्र निकामी असल्याचे त्यांनी जाहीर केले आणि सोमवारी कॅमेरा सर्व्हिस सेंटरला नेला.

सर्व्हिस सेंटरमधले सोपस्कार सविस्तर सांगण्यासारखे नाहीत, कारण ते सर्वत्र सारखेच असतात. टोकन घ्या, बसा, हे काउंटर नाही, ते काउंटर, त्या काउंटरची व्यक्ती जेवायला गेली आहे. शेवटी रुची नावाची मुलगी समोर आली. तिने अच्युतरावांच्याच कॅमेऱ्याने अच्युतरावांचा फोटो काढला आणि पडदा त्यांच्यापुढे धरला.

"सरजी, एकदम शार्प आ रहा है."

"ये आपको शार्प दिखता है?" अच्युतरावांनी तुच्छतेने विचारले.

रुचीने पडद्याकडे पाहिले, मग अच्युतरावांकडे, मग पडद्यापासून त्यांनी मागे नेलेल्या मानेकडे. तिला सगळे समजले, पण तिला नोकरी टिकवायची होती. "डीप चेकिंग में डाल देते हैं, सर," ती म्हणाली. खोल तपासणीतून कॅमेरा आठवड्याने जसाच्या तसा बाहेर आला. दोष आढळला नव्हता. दोष न आढळणे हाच या कंपनीचा दोष आहे, असे अच्युतरावांनी काउंटरवर मोठ्याने सांगितले. दातांची तारीख मात्र एका आठवड्याने जवळ आली होती.

खालच्या मजल्यावर सुधाकर राहत. मूळचे सांगलीचे, पीथमपूरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात. मालाची खोट काढण्याचाच पगार मिळत असल्याने घरीही त्यांचा सराव चालू असे. त्यांची बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि त्यांच्याकडे भिंतभर टीव्ही होता. कॅमेऱ्यातले कार्ड टीव्हीला जोडून फोटो पाहायचे ठरले. सगळे कुटुंब खाली गेले.

टीव्ही खोलीच्या पलीकडच्या टोकाला होता, म्हणजे अच्युतरावांच्या राज्यात. लांबचे त्यांना गरुडासारखे दिसे. पहिला फोटो उमटला आणि त्यांना आपल्या कामगिरीचे पहिल्यांदाच स्वच्छ दर्शन झाले. आनंदीबाईंच्या मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर लख्ख आले होते. एकादशी वाचता येत होती, दुधाच्या खाड्याच्या खुणाही दिसत होत्या. पुढे डाळिंबी रंगाचा एक ढग बसला होता.

मग सुधाकर म्हणाले, "कॅलेंडर झकास आलंय, अच्युतराव."

"पुढचा बघा," अच्युतराव म्हणाले.

पुढचाही कॅलेंडरचाच होता.

"बाबा," श्रिया म्हणाली, "साधं आहे हो. कॅमेरा ऑटोवर बरोबर फोकस करून राहिला होता. तो फोकसमध्ये होता. तुम्ही नव्हता. तुम्ही पडदा नीट दिसावा म्हणून लेन्स फिरवलीत. घड्याळ दिसत नाही म्हणून काटे फिरवल्यासारखं आहे ते."

मुलीला एमएस्सीपर्यंत शिकवल्याचा अच्युतरावांना पश्चात्ताप झाला.

त्यानंतर सल्ल्यांना पूर आला. सुधाकर म्हणाले की हिरवळीवर अनवाणी चाला, त्यांच्या साहेबांचा नंबर त्याने उतरला. साहेबांचा नंबर किती होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. समोरच्या चौकसेजींनी गायीच्या तुपाचा दिवा लावून त्याच्याकडे पापणी न लववता बघायला सांगितले. अच्युतरावांनी बघितले. तीन दिवस त्यांना जिकडेतिकडे दिवे दिसत होते. त्यांची पत्नी रमा सल्ला वगैरे देत बसली नाही. तिने आपला वाचायचा चष्मा, कडेला गुलाबी खडे असलेला, त्यांच्यापुढे ठेवला.

"आत्तापुरता लावा. कोण बघतंय?"

दार लावून त्यांनी तो लावला. कॅमेऱ्याचा पडदा एकदम असा स्पष्ट झाला की ते दचकले. त्यावर इतकी माहिती होती याची त्यांना कल्पनाच नव्हती. पण त्यांनी मान वर केली, तर समोरची आई नाहीशी झाली होती. तिच्या जागी पुन्हा तो ढग. जवळचा चष्मा जवळचेच दाखवतो आणि लांबचे काढून घेतो, हा व्यवहार त्यांना फसवणुकीचा वाटला. आता कसरत सुरू झाली. चष्मा काढून आईकडे बघायचे, "हस" म्हणायचे, चष्मा घालून पडद्यात बघायचे. तेवढ्यात हसू संपलेले असे. आनंदीबाईंचे हसू या वयात लांब टिकणारे नव्हते. या प्रकारात काढलेल्या प्रत्येक फोटोत हसू नुकतेच संपवून मुलाला काहीतरी बोलायच्या बेतातली एक म्हातारी होती.

शेवटी अच्युतराव चष्म्याच्या दुकानात गेले. "मला लागत नाही," त्यांनी आत शिरताच सांगितले. "कॅमेऱ्यासाठी हवा आहे." दुकानदाराने कॅमेऱ्याचा नंबर काढायला त्यांना मशीनपुढे बसवले. जवळचे आणि लांबचे एकाच काचेत दाखवणारा, मध्ये रेघ नसलेला चष्मा घ्या, म्हणजे लोकांना वय कळणार नाही, असे तो म्हणाला. बाकीचे त्याला सांगावेच लागले नाही.

या चष्म्यात जवळचे दिसते ते काचेच्या खालच्या भागातून. म्हणजे पडदा पाहायचा तर हनुवटी वर करायची. अच्युतराव हनुवटी वर करत आणि तिच्यापाठोपाठ हातही वर जात, हातात कॅमेरा असे. त्यांना पडदा दिसे, पण पडद्यात काय आहे याकडे लक्ष द्यायला मान अवघडलेली असे. दात काढण्याच्या आदल्या संध्याकाळी सुधाकरांच्या टीव्हीवर दुसरे प्रदर्शन भरले. प्रत्येक फोटोत छत होते, पूर्ण पंखा होता, अत्यंत रेखीव, आणि तळाशी कपाळापर्यंतच्या आनंदीबाई.

"याच्यापेक्षा पंखाच लावा भिंतीवर," आनंदीबाई उठत म्हणाल्या. "निदान तो वारा तरी देतो."

त्या आपल्या खोलीत गेल्या. जेवताना एक शब्द बोलल्या नाहीत. एवढी गोष्ट अच्युतरावांच्या मनाला लागली. आई बोलत असली की ते सहन करू शकत, त्याची त्यांना चोपन्न वर्षांची सवय होती. न बोलणारी आई त्यांच्या ओळखीची नव्हती.

श्रिया त्यांच्याजवळ आली. "बाबा, त्या वरच्या खिडकीशेजारी बारीक चाक आहे बघा. ते फिरवलं की खिडकी तुमच्या डोळ्याच्या नंबरला जुळते. चष्मा नको, काही नको. दुकानात कोणीतरी फिरवून ठेवलं असेल, म्हणून धुकं दिसतं."

"मला माहीत आहे," अच्युतराव म्हणाले. त्यांना माहीत नव्हते.

सकाळी दाढीच्या आधी त्यांनी चाक फिरवले. धुके विरळ झाले, विरले, आणि त्या चिमुकल्या खिडकीत आपले घर त्यांना कडांसकट दिसले. त्यांनी हाक मारली. आनंदीबाई दवाखान्यात जायच्या साडीतच येऊन बसल्या, फारशी आशा न ठेवता. अच्युतरावांना खिडकीत आईचा चेहरा दिसला, पापण्यांच्या केसांसकट. आणि त्याखाली, कित्येक वर्षांनंतर बिनचष्म्याने आपण वाचलेली पहिली जवळची ओळ दिसली. ती अशी होती: कार्ड नहीं है.

कार्ड खाली टीव्हीत राहिले होते. टीव्ही कुलपात होता. कुलपाची किल्ली सुधाकरांच्या खिशात होती आणि सुधाकर पहिल्या पाळीला पीथमपूरला गेले होते.

"निघायचं ना?" आनंदीबाईंनी चपला घालत विचारले. "डॉक्टर थांबणार नाहीत."

रमा आणि श्रिया त्यांना घेऊन रिक्षाने पुढे गेल्या. अच्युतराव स्कूटरवरून कार्ड शोधत निघाले. सकाळी इतक्या लवकर या शहरात पोहे मिळतात, जलेबी मिळते, कार्ड मिळत नाही. शेवटी एका झेरॉक्सवाल्याचे अर्धे शटर उघडे दिसले. त्याच्याकडे कार्ड होते. ते ठेवायची जागा अगरबत्ती आणि पूजा यांच्या मागे होती, म्हणून पूजा होईपर्यंत थांबावे लागले.

ते दवाखान्यात पोचले तेव्हा गळ्यात एक चष्मा, कपाळावर दुसरा आणि हातात कॅमेरा, असा त्यांचा अवतार होता. आनंदीबाई उंच खुर्चीत रेलून बसल्या होत्या. डॉक्टर कस्तुरी इंजेक्शन भरत होत्या. श्रियाने मोबाईल वर धरलेला होता.

"आजी, इकडे बघ. पटकन. मी काढते, तो गालांचा प्रकार बंद केलाय."

"खाली ठेव तो," आनंदीबाई म्हणाल्या. "त्याला काढू दे. एवढा खटाटोप केलाय गाढवानं."

अच्युतरावांनी हे ऐकले. त्यांनी कार्ड कॅमेऱ्यात सरकवले. "डॉक्टर, दोन मिनिटं."

"एक," कस्तुरी म्हणाल्या.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. वरच्या दिव्याचा पांढरा उजेड आईच्या चेहऱ्यावर असा पडला होता, जसा पडावा म्हणून स्टुडिओवाले छत्र्या लावून बसतात. फक्त सगळे फार जवळ येत होते. ते एक पाऊल मागे सरकले. आणखी एक. मागे तशीच दुसरी खुर्ची होती, रिकामी, तिच्या कडेवर ते टेकले आणि त्यांची टाच तळच्या पट्टीवर पडली. खुर्ची घरघरली आणि अच्युतरावांना घेऊन सावकाश वर जाऊ लागली.

"अहो," रमा म्हणाली.

अच्युतरावांनी डोळा काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सगळे फोकसमध्ये होते आणि अशा वेळी उतरणारा माणूस ते नव्हते. पाय लोंबकळत, दोन चष्मे घालून, पालखीत बसवलेल्या देवासारखा तो चोपन्न वर्षांचा विमा अधिकारी छताच्या दिशेने निघाला. आनंदीबाई त्याच्याकडे बघत होत्या. आधी त्यांचे ओठ दाबले गेले, मग खांदे हलले, आणि मग त्या दोन्ही दातांनिशी, डोळे मिटेपर्यंत हसल्या. खिडकीत ते सगळे लख्ख दिसत होते. अच्युतरावांनी बटन दाबले. ते बटन दाबणेच होते, छायाचित्रण वगैरे काही नव्हते.

कस्तुरींनी त्यांना खाली आणले. मग त्यांनी आनंदीबाईंना इंजेक्शन दिले आणि हिरडी बधिर होईस्तोवर श्रियाने कार्ड त्यांच्या संगणकाला लावले. एक्स-रे बघायच्या मोठ्या पडद्यावर फोटो उमटला. सुरकुती न् सुरकुती आली होती. डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी होते. दोन दात ऐटीत उभे होते. मग सर्वांची नजर एकदम हनुवटीखाली गेली.

आनंदीबाईंच्या गळ्यात दवाखान्याचा हिरवा प्लास्टिकचा रुमाल होता, लाळ पडू नये म्हणून लावतात तो. स्टीलच्या साखळीला दोन चिमट्यांनी लटकलेला. तोही अतिशय फोकसमध्ये आला होता.

"पुन्हा काढू," अच्युतराव घाईने म्हणाले. "हा काढून ठेवू, एकच मिनिट—"

"आता नाही जमणार," कस्तुरी म्हणाल्या. "अर्धा ओठ बधिर झालाय. हसल्या तर वाकड्या हसतील. आणि दात आजच काढायला हवेत, एक तर निघालाच आहे."

अच्युतराव मटकन त्याच खुर्चीवर बसले, या खेपेला पाय सांभाळून. श्रिया म्हणाली की संगणकावर पुसता येईल. ते पुसायला गेले की गळाही जातो, हे तिला माहीत होते, म्हणून ती हळू आवाजात म्हणाली.

आनंदीबाई पडद्याकडे एकटक बघत होत्या. लांबचे त्यांनाही चांगले दिसे. वसुंधराबाईंच्या गालावरचा तो शिक्का त्यांना आठवला असेल की नाही कोण जाणे. पण हसताना आपण इतक्या बऱ्या दिसतो हे त्यांना आजपर्यंत कोणी सांगितले नव्हते, हे मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मग बधिर ओठ सावरत, एकेक शब्द नीट उच्चारत त्या रमाला म्हणाल्या, "असू दे. हाच लाव. हार तेवढा रुंद घे, हिरवं सगळं झाकलं पाहिजे."

आणि डॉक्टरांपुढे तोंड उघडण्याआधी त्यांनी आणखी एक सूचना दिली. "पण तो आणायला ह्याला पाठवू नको."